तेल चोळून वाकडा पाय सरळ होत नाही: त्या फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, अमळनेरच्या मावशीकडून आला, शहाद्याच्या नणंदेकडून आला, मग गावातल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर पण आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाळ वाकड्या पायाचं जन्मलं तर घाबरू नका, आईने ग्रहण पाळलं नाही की असं होतं, रोज कोमट तेलाने मालिश करा, चालायला लागलं की पाय आपोआप सरळ होतो, प्लास्टरने पाय सुकतो, डॉक्टर टाचेची शीर कापतात आणि पोर कायमचं लंगडं होतं, ते दांडीचे बूट म्हणजे पैसे काढायचा धंदा आहे, आणि एवढं करून नाहीच झालं तर पोर पाच-सहा वर्षांचं झाल्यावर एकदाच मोठं ऑपरेशन करून टाका. खाली लिहिलंय, प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा.

माझ्या मुलाचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले होते, प्लास्टर, शीर, बूट सगळं त्याचं झालेलं आहे आणि आज तो शाळेच्या मैदानावर बाकीच्या पोरांसोबत पळतो, म्हणून मला हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही. हा मेसेज पोहोचतो कोणाकडे ते बघा ना. बाळंतीण माहेरी असते, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नसतं, बाळाचं काय करायचं ते आजी, मावशी आणि शेकायला येणारी बाई ठरवते आणि आईच्या हातात असतो फक्त फोन. आणि नेमके तेच आठवडे या उपचाराला सगळ्यात चांगले असतात, पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्लास्टर सुरू झालं तर उत्तम. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ग्रहणाचं, कारण त्या वाक्याने आई आतून मोडते. ग्रहणात विळी हातात घेतली, भाजी चिरली, झोपून राहिली, पाय दुमडून बसली, असलं सगळं तिच्या माथी मारतात. क्लबफूट म्हणजे जन्मतः आत आणि खाली वळलेलं पाऊल जगभरात साधारण हजारात एका बाळाला असतं, ज्या देशांत ग्रहण पाळणं कोणाला माहीत पण नाही तिथेही असतं. मुलांमध्ये मुलींपेक्षा जवळपास दुप्पट आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. काही घरांत आनुवंशिक भाग असतो, पिटएक्स१ आणि टीबीएक्स४ अशा जनुकांशी त्याचा संबंध सापडलाय, पण बहुतेक बाळांमध्ये एकच असं कारण दाखवता येत नाही. आईने काही केलं म्हणून झालेलं नाही. सासूबाई, नणंद, शेजारीण कोणीही वाचत असेल तर हे त्या बाळंतिणीला तोंडाने सांगा, तिला ते ऐकायची फार गरज असते.

आता मालिश. हा मुद्दा लोकांना पटतो कारण प्रत्येक गावात कोणीतरी एक असतंच की ज्याच्या पोराचा पाय मालिशने सरळ झाला, आणि ती माणसं खोटं बोलत नाहीत हो. काही बाळांचा पाय पोटात दाबून बसल्यामुळे नुसता वळलेला असतो, हलक्या हाताने धरला की पूर्ण सरळ येतो, तो पाय साध्या व्यायामाने किंवा काहीच न करता पण महिन्या-दोन महिन्यांत ठीक होतो. खरा क्लबफूट तसा नसतो. तो हाताने सरळ येत नाही, टाच वर ओढलेली असते आणि दाबली तर रिकामी लागते, टाचेच्या वर आणि तळव्याच्या आतल्या बाजूला खोल घडी असते, पावलाची बाहेरची कड गोल वाकलेली दिसते. डॉक्टर याच खुणांना मार्क देऊन शून्य ते सहा असा पिरानी स्कोअर काढतात. म्हणजे तो नुसता वळलेला पाय होता की क्लबफूट, हे शेकणाऱ्या बाईने नाही, हाडांच्या डॉक्टरने हात लावून ठरवायचं असतं, आणि त्याला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. बाळाला तेल लावा, मालिश करा, त्याला कोणी नाही म्हणत नाही, पण वाकडा पाय जोर लावून वर ढकलायचा नाही. चवडा धरून पाऊल वर दाबलं की टाच तिथेच राहते आणि पाऊल मधूनच वाकतं, तळवा खालून फुगीर होतो आणि मग ते दुरुस्त करणं जास्त अवघड होऊन बसतं. हाडवैद्याकडे नेऊन कामट्या बांधून घेण्यात पण हाच धोका आहे.

"चालायला लागलं की आपोआप सरळ होतो." हे तर अगदी उलटं आहे. नवजात बाळाच्या पावलातली हाडं अजून बरीचशी कूर्चाच असतात, सांध्याचे बंध लवचिक असतात, म्हणून हळूहळू वळवता येतात. पोर त्याच वाकड्या पायावर उभं राहिलं की वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडतं, कधी पावलाच्या वरच्या बाजूवर पडतं, तिथली कातडी जाड होते, घट्टे पडतात, फोड येतात, चप्पल पायात राहत नाही, आणि हाडं त्याच वाकड्या आकारात पक्की होतात. बाजारात, बस स्टँडवर पावलाच्या कडेवर चालणारी मोठी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीयेत. त्यातल्या कितीतरी जणांना लहानपणी हेच सांगितलेलं असणार की काय नही व्हस, व्हई जाई बरं.

प्लास्टरबद्दल नीट सांगते कारण भीती तिथेच आहे. या पद्धतीला पोन्सेटी पद्धत म्हणतात, स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉक्टर इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती बसवली. दर आठवड्याला डॉक्टर पाय हाताने थोडा थोडा वळवतात आणि जेवढा वळला तेवढा प्लास्टरमध्ये धरून ठेवतात, साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात. यात क्रम महत्त्वाचा असतो, आधी तळव्याची खोल कमान मोकळी करायची, मग घोट्याजवळच्या टॅलस हाडावर अंगठ्याचा टेका देऊन पूर्ण पाऊल बाहेर वळवत न्यायचं आणि टाच खाली आणणं सगळ्यात शेवटी. बेशुद्ध करत नाहीत, बाळाला दूध पाजता पाजता प्लास्टर होतं. प्लास्टर जांघेपर्यंत हवं, गुडघा काटकोनात दुमडलेला हवा, गुडघ्याखालचं छोटं प्लास्टर निसटतं आणि वळवलेलं टिकत नाही, त्यामुळे कोणी गुडघ्याखालीच घालून देत असेल तर का ते विचारा, विचारायला लाजू नका. घरी आल्यावर बोटं बघत राहायची. गुलाबी असायला हवीत, दाबल्यावर पांढरी होऊन लगेच परत गुलाबी व्हायला हवीत. बोटं निळी पडली, सुजली किंवा आत जाऊन दिसेनाशी झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठायचं, रात्र असली तरी. आणि प्लास्टर घरी आदल्या दिवशीच भिजवून काढून ठेवू नका, मोकळा पाय काही तासांत परत आत वळायला लागतो.

पाय सुकतो म्हणतात त्यामागे पण एक खरी गोष्ट आहे. क्लबफूटच्या पायाची पोटरी दुसऱ्या पायापेक्षा थोडी बारीक असते आणि पाऊल थोडं लहान असतं, मोठेपणीही तो फरक राहतो. पण तो त्या पायाचाच भाग आहे, प्लास्टर न लावलेल्या क्लबफूटमध्येही असतो. एकच पाय वळलेला असेल तर पुढे चपलेच्या मापात थोडा फरक पडू शकतो एवढंच.

आता शीर कापण्याचं. दहातल्या आठ-नऊ बाळांना हे लागतं, हे खरं आहे आणि डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं, ऐनवेळी कळलं की घरचे घाबरून बाळ उचलून घेऊन जातात. बाकी पाऊल वळलं तरी टाच वरच ओढलेली राहते कारण टाचेमागची जाड शीर (रक्तवाहिनी नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) आखूड असते. जागेवरच बधिर करून काही मिलिमीटरच्या छेदातून ती मोकळी करतात, सहसा टाकासुद्धा लागत नाही, आणि मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. त्या तीन आठवड्यांत शीर परत जुळते, आणि आता पुरेशा लांबीची होऊन जुळते. लहान बाळात ती भरून येते म्हणून तर हे एवढं छोटं काम असतं. लंगडं होण्याचा धोका टाच वर राहिली तर आहे. क्रिस्टी यामागुची क्लबफूट घेऊन जन्मली आणि 1992 च्या ऑलिम्पिकमध्ये फिगर स्केटिंगचं गोल्ड घेऊन गेली, फुटबॉलवाली मिया हॅम पण क्लबफूटचीच, उपचार झालेला पाय काय करू शकतो ते यावरून बघा.

आणि आता बूट, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. मालिशवाल्या वाक्याने उपचार लांबतो, पण बुटाच्या वाक्याने झालेला उपचार मातीत जातो. शेवटचं प्लास्टर निघतं तेव्हा पाय इतका सुंदर सरळ दिसतो की घरातल्या कोणालाच वाटत नाही आता काही करायला हवं. पण ज्या ओढीने पाय वळला ती ओढ पहिली काही वर्षं शरीरात असतेच. म्हणून दोन बूट आणि मध्ये दांडी, पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून बारा-चौदा तास, आणि हे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. वळलेल्या पायाचा बूट 60 ते 70 अंश बाहेर, एकच पाय असेल तर चांगल्या पायाचा 30 ते 40 अंशावर, आणि दांडी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. पाय परत वळला असं जे सांगतात त्यात बूट बंद केलेली बाळंच सगळ्यात जास्त असतात. डॉक्टरची चूक, पद्धत खोटी, असं मग गावभर होतं.

पण बूट बंद का होतात तेही समजून घ्या, आई आळशी असते म्हणून नाही. पहिल्या काही रात्री बाळ किंचाळतं, कारण त्याला एक पाय वेगळा हलवता येत नाही, दिवसा त्याच्यासोबत खेळत दोन्ही पाय एकत्र दुमडायला-लांबवायला शिकवलं की रडं कमी होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 ला टेकतो, पाय घामाने भिजतो, तर पातळ सुती मोजे दोन-चार जोड ठेवायचे आणि ओले झाले की बदलायचे. टाचेला फोड आला तर लोक बूट सैल करतात, पण बहुतेक वेळा फोड बूट सैल असल्यामुळे टाच आत घासून येतो, मधला पट्टा नीट घट्ट हवा आणि टाच खाली टेकलेली हवी. लाल डागावर तेल किंवा क्रीम लावू नका, कातडी मऊ पडून जास्त सोलते. आणि मग पाहुणे. कानबाईच्या सणाला, रोटांना घर भरलेलं असतं, लग्नघरात चार बायका बसलेल्या असतात, आणि कोणीतरी म्हणतंच की अगं बिचाऱ्याला आज तरी मोकळं सोड, त्याचे हाल बघवत नाहीत. त्या एका दिवसाचे चार होतात, चार दिवसांनी बूट चढतच नाही. अशा वेळी नवऱ्याने किंवा सासऱ्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं ना की बूट निघणार नाही, तर त्या आईचं अर्धं ओझं उतरतं. बुटामुळे चालायला फार उशीर होतो हेही खरं नाही, एखाद-दोन महिने मागेपुढे होतं.

धंदा म्हणणाऱ्यांसाठी, 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, त्यात क्लबफूट आहे आणि उपचार मोफत आहे. अंगणवाडीत तपासायला जी टीम येते ती याच कार्यक्रमाची. पण ती येईपर्यंत थांबू नका, आशाताईला जन्मानंतर लगेच सांगा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे हाडांच्या विभागात क्लबफूटच्या बाळांचा वार कोणता ते विचारा, आणि बूट कुठून मिळणार हे प्लास्टर चालू असतानाच विचारून ठेवा कारण शेवटचं प्लास्टर निघालं की त्याच दिवशी बूट चढायला हवेत.

एकदाच मोठं ऑपरेशन करू, हा सल्ला पूर्वी डॉक्टरही द्यायचे. पोन्सेटींनी जुन्या ऑपरेशनचे पेशंट मोठे झाल्यावर तपासले तर पाय कडक, दुखरे झालेले होते, त्यातूनच त्यांनी प्लास्टरची वाट धरली. 1963 मध्ये त्यांनी आपले रिझल्ट छापले तरी कितीतरी वर्षं डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही, आणि 1990 नंतर ही पद्धत पसरली त्यात इंटरनेटवर एकमेकांना सांगणाऱ्या आईबापांचा मोठा हात होता.

सोनोग्राफीत पाचव्या महिन्यात पाय वळलेला दिसला म्हणून काही घरांत मूल ठेवायचं की नाही अशी चर्चा होते. नुसता क्लबफूट असेल तर तो बरा होणारा आहे, डॉक्टरांना फक्त मणका आणि बाकी अवयव नीट बघायला सांगा आणि जन्मानंतर कुठे जायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

आणि ज्यांनी मेसेज वाचून थांबवलं, ज्यांचं पोर आता दीड-दोन वर्षांचं झालं, चालायला पण लागलं, त्यांनी वेळ गेली म्हणून घरी बसू नका. चालत्या वयातही याच पद्धतीने प्लास्टर करतात, जास्त लागतात, कधी सोबत छोटं ऑपरेशन लागतं, पण पाय जमिनीवर सपाट टेकू शकतो. धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला किंवा सुरतला कामाला जाणाऱ्यांनी निघायच्या तारखा डॉक्टरांना आधीच सांगा, आठवड्याच्या प्लास्टरचं वेळापत्रक त्याप्रमाणे लावता येतं का किंवा तिकडच्या सरकारी हॉस्पिटलला चिठ्ठी देता येते का ते विचारा, केसपेपर आणि बूट दोन्ही सोबत न्या, सामान जास्त झालं म्हणून बूट गावी ठेवून जाऊ नका.