‘कॅप म्हणजे लूट’ या मेसेजला लॅबमधून उत्तर

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एरवी तालमीची वेळ, वाढदिवस आणि ‘लाईट कधी येणार’ एवढंच चालतं. गेल्या आठवड्यात तिथे एक लांबलचक मेसेज पडला: ‘दातांची कॅप म्हणजे डॉक्टरांची लूट’. म्हणणं असं, की रूट कॅनलनंतर, म्हणजे दाताची खराब नस काढून आतली पोकळी भरल्यावर, कॅपची, म्हणजे दातावर बसवायच्या टोपीची, गरजच नसते. बसवलीच तर निदान त्या दाताला पुन्हा कीड लागत नाही. ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवर टेकवलेला दात) म्हणजे एका दातापायी दोन चांगले दात मारणं, त्यापेक्षा जागा रिकामी सोडा. कॅपा सगळ्या सारख्याच, स्वस्तातली घ्या. आणि तोंडात धातू असला की एमआरआय काढता येत नाही. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपांवरून आला.

मी डॉक्टर नाही. गोव्यात, फोंड्याला दातांच्या लॅबमध्ये वीस वर्षं कॅपा आणि ब्रिज बनवतोय. पेशंट मला दिसत नाही, त्याचं माप येतं. त्यात प्लास्टर ओतून निघालेले दात दिवसभर माझ्या हातात असतात. कॅपांवर माझं पोट चालतं, तेव्हा तेवढं वजा करून वाचा.

रूट कॅनलचा मुद्दा अर्धा खरा आहे. पुढचा दात जवळजवळ शाबूत असेल, मागच्या बाजूला बारीक भोक तेवढं असेल, तर सिमेंट भरून भागतं. तिथे कॅपचा आग्रह कुणी धरला तर कारण विचारा. दाढेचं तसं नसतं. कीड आधीच एखादी बाजू खाऊन बसलेली असते, त्यात डॉक्टर वरून वाट करून आत शिरतात. उरतात त्या छप्पर काढलेल्या मातीच्या घराच्या भिंती. चावताना त्या बाहेर फाकतात. आणि आपल्याकडे दाढेची परीक्षा रोजचीच: पोदेराचं, म्हणजे पाववाल्याचं, बांगडीसारखं कडक कांकण, कुर्लीची नांगी, जत्रेतलं खाजं, पानातली सुपारी. एखाद्या घासाला भिंत तडकते आणि तडा उभा दाताच्या मुळापर्यंत उतरला की दात काढण्यावाचून इलाज नसतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव का चढवतात? लाकूड फुटू नये म्हणून. कॅप तेच काम करते. मात्र धावेला आत लाकूड लागतं. हिरडीच्या वर सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर तरी सणसणीत दात उरलेला हवा. तो नसेल तर कॅप टिकणं कठीण, आणि हे मेसेजवाल्याने कुठेच लिहिलेलं नाही.

‘कॅपखाली कीड लागत नाही.’ गंमत म्हणजे, आमच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणारा माझा मावसभाऊच आपली निघालेली कॅप घेऊन माझ्याकडे आला होता. कापराच्या डबीत, कापसात गुंडाळून. सहा वर्षं वापरलेली, वरून चकचकीत. भिंगाखाली उलटी धरली तर आत दाताचा एक तुकडा अडकलेला, तपकिरी, पाण्यात कुजलेल्या फळीसारखा मऊ. दादा म्हणाला, “बघ, कॅपला काही झालेलं नाही.” कॅपला कशाला काय होईल? कीड दाताला लागते, आणि दात तिच्या खाली तसाच असतो. कॅप संपते आणि दात सुरू होतो त्या रेषेवर सगळा खेळ असतो. माझ्या टेबलावर त्या रेषेला मी लाल पेन्सिल फिरवतो आणि कॅपची कड तिथे आणून थांबवतो. माप घेताना हिरडीतून रक्त आलं, लाळ आली, की मापात ती रेषा पुसट उमटते. मग लॅबवाला अंदाजाने कड टाकतो. दादाच्या कॅपची कड एका बाजूला आखूड होती, नख अडकत होतं. चूक मापात झाली की लॅबमध्ये, ते आता कळायला मार्ग नाही. अशा कडा माझ्या हातूनही सुटल्या आहेत. नीट बसलेल्या कॅपलाही त्या रेषेवर रोज ब्रश फिरवावा लागतो आणि फटीत धागा घालावा लागतो.

ब्रिजबद्दलची तक्रार मला या मेसेजातली सगळ्यात प्रामाणिक वाटली. नेहमीच्या ब्रिजसाठी शेजारचे दोन दात चहूबाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर तासावे लागतात. तासलेलं कवच परत येत नाही. त्यातल्या काही दातांची नस पुढे मरते आणि तिथेही रूट कॅनल करावं लागतं. म्हणून दोन्ही शेजारी अगदी कोरे असतील तर आधी इम्प्लांटचं विचारा. हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात, असा तो प्रकार; स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी पहिल्या पेशंटला तो 1965 साली बसवला. पण शेजारच्या दातांत आधीच मोठमोठी सिमेंटं असतील, त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिजमध्ये वेगळं काही मारलं जात नाही. आणि तो टिकतोही: दहा वर्षांनंतर दहातले साधारण नऊ ब्रिज तोंडात असतात.

पुढच्या एका दातासाठी पंखाचा ब्रिजही असतो, त्याला मेरीलँड म्हणतात. शेजारच्या दाताला मागून पंख चिकटवायचा, तासणं जवळजवळ नाहीच. आमच्या वाड्यावरच्या एका नटाचा पुढचा दात जत्रेच्या नाटकाला तीन आठवडे असताना पडला. तालमीत प्रत्येक ‘स’ला शिट्टी, आणि भूमिका राजाची. त्याला मी असाच दात करून दिला होता.

राहिली रिकामी जागा. माझ्याकडे अशी मापं येतात, ज्यात खालची दाढ कधीच काढलेली असते आणि वरची त्या खड्ड्यात इतकी उतरलेली असते की नवा दात बसवायला उंचीच उरत नाही. बाजूचे दातही आत कलतात. सगळ्यांचं असं होत नाही. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि बाकीच्यांवर चावणं नीट होत असेल तर ती भरलीच पाहिजे असं नाही. नेदरलँड्सचे दंततज्ज्ञ कायसर यांनी 1981 सालीच आखूड दंतपंक्तीवरही काम भागतं असं मांडलं होतं. पण हे ठरवायचं तोंड तपासून.

‘सगळ्या कॅपा सारख्याच’ वाचून मात्र मला हसू आलं. झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या टणक सिरॅमिकची, कॅप आम्ही मऊ, खडूसारख्या ठोकळ्यातून कोरतो, तीही वीस-पंचवीस टक्के मोठी. मग ती दीड हजार अंशांच्या आसपास भट्टीत भाजायची, तिथे आक्रसून ती बरोबर मापावर येते. धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपचा वरचा थर कधीकधी टवका उडून जातो. संपूर्ण धातूची कॅप आता कुणाला नको असते, पण मागच्या दाढेला ती झकास: दात सगळ्यात कमी तासावा लागतो. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, स्वस्त मिश्रधातूत ते बरेचदा असतं. मी स्वतःच्या दाढेसाठी कोबाल्ट-क्रोमची पूर्ण धातूची घेतली.

एमआरआयचं म्हणाल तर कॅप आहे म्हणून तो सहसा अडत नाही. तोंडाजवळचं चित्र धातूमुळे डागाळू शकतं, म्हणून तिथल्या माणसाला आधी सांगायचं. काढघालीची कवळी तेवढी बाहेर ठेवायची.

खर्चाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. बांबोळीला 1980 सालापासून सरकारी डेंटल कॉलेज आहे. तिथे शिकणारी मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, पैसे कमी लागतात, फेऱ्या जास्त. दादाला मी तिथेच पाठवलं. दाताचं खोड फार उरलेलं नव्हतं, काढावा लागला. डबी तो माझ्याकडून परत घेऊन गेला. सोनं नाही त्यात, म्हटलं, तरी.