675 पटींची दुर्बीण लेकरांना देऊ नका

दिवाळी जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो. यंदा तो मला सात जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्याच वर्गातल्या मुलांचे वडील. "मॅडम, घ्यावी का?" एवढंच खाली लिहिलेलं. संदेश थोडक्यात असा: लेकराला आकाशाची आवड असेल तर मोबाईल काढून घ्या आणि 675 पट मोठं दाखवणारी दुर्बीण द्या. पॉवर जेवढी जास्त तेवढी दुर्बीण चांगली. चंद्रावरचा झेंडा, शनीची कडी आणि रंगीत दीर्घिका घराच्या गच्चीवरून दिसतील. बायनाक्युलर हे पक्षी बघायचं खेळणं, त्यात पैसे घालू नका. नुसत्या डोळ्यांना आकाशात ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. सोबत सूर्य बघायचा फिल्टर मोफत. आणि एवढा खर्च झेपत नसेल तर लेकराच्या नावाने एखादा तारा नोंदवून प्रमाणपत्र द्या.

मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली चौदा वर्षं मुलांना आकाश दाखवते. या संदेशातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एक तर डोळा घालवणारं आहे. त्यामुळे क्रम मोडून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

"सोबत सूर्य बघायचा फिल्टर मोफत." हा फिल्टर म्हणजे बोटाच्या पेराएवढी काळ्या काचेची चकती. ती डोळा लावायच्या आयपीसला फिरवून बसवतात. आता दुर्बिणीची पुढची काच काय करते ते आठवा. भिंगाने कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी केलाय. तसंच सगळं ऊन गोळा होऊन नळीच्या मागच्या टोकाला येतं, नेमकं त्या चकतीपाशी. चकती तापते आणि तडकते. ती तडकते त्या क्षणी डोळा तिथेच असतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, म्हणून लेकरू ओरडतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ते सांगतं की फळ्याच्या मधोमध काळं दिसतंय. घरात अशा दुर्बिणीची पेटी असेल तर ती चकती आजच काढा आणि हातोडीने फोडून टाका. सूर्यासाठीचा खरा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसतो, ऊन आत शिरायच्या आधी. तोही जाणत्या माणसाच्या हातानेच बसवायचा. 26 डिसेंबर 2019 च्या ग्रहणात आम्ही दुर्बीण बाहेर काढलीच नाही. शाळेच्या आवारात कडुलिंब आहे. मधूनच ऊन पडलं की त्याच्या पानांच्या फटींमधून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी उमटायच्या. पोरं तळहातावर, दप्तरावर, एकमेकांच्या शर्टावर ग्रहण धरून बघत होती.

आता 675 या आकड्याकडे येऊ. तो कुठून येतो हे गणित सातवीच्या मुलालाही जमेल. काचेपासून प्रकाश एकवटतो त्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे नाभीय अंतर. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे किती पट मोठं दिसेल ते. बाजारातली ती नेहमीची लांब, सडपातळ नळी 60 मिलिमीटर व्यासाची आणि 900 मिलिमीटर नाभीय अंतराची असते. तिला 4 मिलिमीटरचा आयपीस लावला की 225 पट. त्याला तिप्पट करणारी बार्लो काच जोडली की 675. आकडा खोटा नाही, पण त्याचा उपयोग शून्य आहे. पुढच्या काचेच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे दोन पट ही कुठल्याही दुर्बिणीची साधारण मर्यादा, म्हणजे 60 मिलिमीटरला 120. पुढची काच प्रकाश गोळा करते तेवढाच. तो जास्त पसरवला की चित्र मोठं होतं, पण अंधारं आणि पुसट होत जातं. वाटीभर ताकात बादलीभर पाणी घातल्यासारखं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "किती पट?" हा विचारूच नका. "पुढची काच किंवा आरसा किती मिलिमीटरचा?" हा विचारा. पेटीवर पटींचा आकडा मोठ्या अक्षरात आणि व्यास बारीक अक्षरात असेल तर ती पेटी ठेवून द्या.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. 2013 च्या दिवाळीत भाच्यासाठी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून अशीच दुर्बीण मी घेतली होती. दुकानदाराने तीच 675 पटींची ओळ म्हणून दाखवली आणि मी विश्वास ठेवला. जानेवारीत आम्ही ती घेऊन आखाड्यावर गेलो. चारी बाजूंना ज्वारी, लाईट नाही, गुरू टपोरा दिसत होता. भाचा नऊ वर्षांचा. मी गुरू मधोमध आणायचे, "बघ" म्हणायचे, आणि तो वाकेपर्यंत गुरू गेलेला असायचा. पृथ्वी फिरते ना, एवढ्या पटींवर ग्रह मधून काठापर्यंत सात-आठ सेकंदांत सरकतो. परत आणायला स्क्रूला हात लावला की तो पातळ ॲल्युमिनियमचा स्टँड थरथरायचा आणि गुरूची जागा एक पिवळी रेघ घ्यायची. थरथर थांबेपर्यंत गुरू पुन्हा बाहेर. अर्ध्या तासाने भाचा म्हणाला, "मावशी, मला दिसत नाही, माझे डोळे खराब आहेत का?" त्या प्रश्नामुळेच आज हे लिहिते आहे. वाईट उपकरणाचा दोष लेकरू स्वतःकडे घेतं. त्याला वाटतं, हे आपल्याला जमण्यातलं नाही. पुढे कितीतरी दिवस भाच्याने दुर्बिणीला हात लावला नाही.

चंद्रावरच्या झेंड्याचं सांगते. 60 मिलिमीटरच्या काचेला उत्तम हवेतही चंद्रावरचे साडेतीन किलोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. पटी कितीही वाढवा, ही मर्यादा काचेच्या व्यासाची आहे. जालन्याकडची बरीच मंडळी लोणारला जाऊन आली असतील. काठावर उभं राहिलं की पलीकडचा माणूस दिसत नाही एवढं ते विवर आहे, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. तेवढं विवर चंद्रावर असेल तर या दुर्बिणीला ते नीट ओळखूही येणार नाही. आणि संदेश जेमतेम दीड मीटरचा झेंडा दाखवायला निघालाय! हबल दुर्बिणीलासुद्धा चंद्रावरची साधारण 90 मीटरपेक्षा लहान वस्तू सुटी दिसत नाही. अपोलो याने उतरली त्या जागांचे फोटो आहेत, पण ते 2009 पासून चंद्राभोवती अगदी जवळून फिरणाऱ्या यानाने काढलेत.

रंगीत दीर्घिकांचे पेटीवरचे फोटोही असेच हबलचे किंवा तसल्या दुर्बिणींचे असतात. हबलचा आरसा 2.4 मीटरचा आहे. 60 मिलिमीटरच्या काचेपेक्षा तो 1,600 पट जास्त प्रकाश गोळा करतो. शिवाय कॅमेरा तासन्तास प्रकाश साठवत राहतो, डोळा साठवत नाही, आणि अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. देवयानी दीर्घिका छोट्या दुर्बिणीत राखाडी धुरकट डागासारखी दिसते. तो डाग 25 लाख प्रकाशवर्षं लांब आहे, हे शेजारी बसून सांगणारं कुणी असेल तर लेकरू बघतच राहतं. पेटीवरचा फोटो मनात ठेवून ते आलं असेल तर तोच डाग त्याला फसवणूक वाटतो.

शनीच्या कड्यांबद्दल मात्र संदेश पूर्ण खोटा नाही, हेही सांगायला हवं. 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून चाळीस-पन्नास पटींवर कडी दिसतात. लहान, पण स्पष्ट. गॅलिलिओने 1610 मध्ये साधारण वीस पटींच्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंना काहीतरी आहे एवढंच कळलं होतं. फक्त कडी दरवर्षी सारखी दिसत नाहीत. 23 मार्च 2025 ला ती आपल्याला अगदी कडेवरून, जवळजवळ दिसेनाशी अशी आली होती, आणि आता वर्षागणिक पुन्हा उघडत आहेत.

"बायनाक्युलर हे खेळणं." हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण याच वाक्यामुळे लोक योग्य वस्तू सोडून चुकीची घेतात. त्या दुर्बिणीच्या पैशात थोडी भर घातली की 7×50 किंवा 10×50 चा बरा बायनाक्युलर येतो. पहिला आकडा पटींचा, दुसरा पुढच्या काचेच्या व्यासाचा. 50 मिलिमीटरची काच आपल्या अंधारात उघडलेल्या बाहुलीच्या सुमारे 50 पट प्रकाश गोळा करते, आणि दोन्ही डोळे वापरायला मिळतात. चित्र उलटं नाही, स्टँडची कटकट नाही, आणि आकाशाचा एवढा मोठा तुकडा एकदम दिसतो की लेकराला तारा हुडकत बसावं लागत नाही. माळवदावर किंवा गच्चीवर बाज टाकायची, लेकराला उताणं झोपवायचं, कोपरं बाजेच्या काठाला टेकवायची. कृत्तिकेत डोळ्यांना सहा तारे दिसतात, बायनाक्युलरमध्ये काही डझन, निळसर पांढरे. एका आठवीतल्या मुलीने ते बघून बायनाक्युलर खाली केला, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा वर केला. असं पाच-सहा वेळा केलं, बोलली काहीच नाही. मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ दिसतो, हात स्थिर असेल तर गुरूचे चंद्र दिसतात. ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू आला तेव्हा त्याची शेपटी एका नजरेत मावणारं साधन बायनाक्युलरच होतं. वैशाखात दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ बघा. युरोपातल्या बहुतेक लोकांच्या क्षितिजावर तो येतच नाही. लातूरहून तो चांगला 24 अंश वर चढतो.

घेताना काही गोष्टी तपासा. लालभडक चमकणाऱ्या काचांचा नको, झूम होणारा नको, दहापेक्षा जास्त पटींचा लहान हातांना नको, तो हलतो. दुकानात तो डोळ्यांपासून हातभर लांब धरून मागच्या काचेत दिसणारी उजेडाची चकती बघा. ती गोल हवी, कडा कापलेली नको. लांबच्या पाटीवर रोखल्यावर दोन पाट्या दिसल्या किंवा डोकं जड झालं तर तो परत द्या. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर काचेवर बुरशी धरते. आणि दिवसा तो लेकराच्या हाती एकटा देऊ नका. सूर्याचं वर सांगितलं तेच इथेही लागू.

"नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही" हे मराठवाड्यात कुणी म्हणावं याचं वाईट वाटतं. आपल्याकडे पेरणीचं सगळं बोलणं नक्षत्रांवर चालतं. रोहिणी बरसली, मृग कोरडा गेला, आर्द्रात पेरलं. पण तोच मृग आकाशात दाखवा म्हटलं तर वर्गात दोन हात वर होतात. जूनमध्ये मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा तो दिसत नाही. दिसतो जानेवारीच्या रात्री, जवळजवळ डोक्यावर. हे कळलं की मुलं घरी जाऊन आजोबांना सांगतात, आणि आजोबा त्यांना तिकांडं, म्हणजे मृगातले ओळीतले तीन तारे दाखवतात. माझी आजी सप्तर्षींना बाज म्हणायची. चार खूर, आणि मागे तीन चोर. त्या तिघांतल्या मधल्या ताऱ्याजवळची बारीक अरुंधती दिसते का, ही नजरेची परीक्षा तिने माझी घेतली होती, मी पोरांची घेते.

म्हणून पहिली भेट माझ्या मते फिरता तारानकाशा. दोन चकत्यांचा, तारीख आणि वेळ जुळवली की त्या क्षणाचं आकाश दाखवणारा. फक्त तो 20 अंश उत्तर अक्षांशाचा बघून घ्या. परदेशी 40 अंशांच्या नकाशात दक्षिणेचा ठळक अगस्त्य ताराच नसतो, आणि ध्रुव भलताच वर दाखवलेला असतो. लातूरहून ध्रुव क्षितिजापासून 18 अंशांवर आहे, लांब केलेल्या हाताच्या जेमतेम एका वितीवर. नकाशासोबत एक टॉर्च द्या, तिला लाल जिलेटीन कागद लावून. पांढऱ्या उजेडानंतर डोळ्यांना पुन्हा अंधार सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. अंधार कधी मिळेल ते भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी सांगते. बाकी आपल्या गावाबाहेर दोन किलोमीटर गेलं की जो अंधार मिळतो त्यासाठी पुण्या-मुंबईची मंडळी गाड्या करून लांब जातात.

तारा नावावर करून देणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो आणि तो ती विकत नाही. प्रमाणपत्राला त्या कागदापलीकडे किंमत नाही. 2019 मध्ये एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्या आठवणीत "बिभा" हे नाव मिळालं, ते भारतातून आलेल्या सूचनांतून आणि मतदानातून. पैसे भरून नाही.

दुर्बीण घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. वर्षभर नकाशा आणि बायनाक्युलर वापरून लेकरू स्वतःहून दहा-पंधरा गोष्टी हुडकायला लागलं की 130 किंवा 150 मिलिमीटर आरशाची, डॉब्सन पद्धतीच्या लाकडी बैठकीवरची दुर्बीण घ्या. 150 चा आरसा 60 च्या काचेपेक्षा सव्वासहा पट प्रकाश आणतो. बैठक प्लायवूडची असते, गावचा सुतारही करून देतो, आणि ती थरथरत नाही. आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, ते शिकायला वेळ द्या. घ्यायच्या आधी एखाद्या आकाशदर्शनात त्यातून बघून या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हे काम करते आहे.

त्या दोघा वडिलांपैकी एकाचा परवा फोन आला. पेटी आधीच मागवून झाली होती. मी सांगितलं, परत घेत असतील तर परत करा. घेत नसतील तर सूर्याची चकती फोडा, बार्लो आणि 4 मिलिमीटरचा आयपीस कपाटात ठेवून द्या, फक्त 20 मिलिमीटरचा लावा. स्टँडचे पाय आखूडच ठेवा आणि मधोमध दोन विटा पिशवीत घालून लटकवा, हलणं बरंच कमी होतं. लक्ष्मीपूजनाची अमावास्या अंधारी असते, पण फटाक्यांचा धूर असतो, म्हणून ती रात्र जाऊ द्या. भाऊबीज झाली की रात्री आठच्या सुमाराला आखाड्यावर जा आणि पूर्वेला कृत्तिका बघा. आधी डोळ्यांनी.