आपला एक माळ

गेल्या मे महिन्यात माझ्या माळावर खड्डे पडले. माझ्या म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव नाही. सासवडच्या पुढे एका गावाचं ते गायरान आहे. पण सहा वर्षं महिन्यातून दोनदा तरी तिथे जाते, म्हणून तोंडात 'माझा माळ' बसलंय. पावसाळ्यात गुडघाभर गवत, उन्हाळ्यात खडी आणि तांबूस माती. नवखा माणूस बघून म्हणेल, इथे आहे काय?

त्या दिवशी सकाळी साडेसहाला पोचले तर जेसीबी उभा. दहा-दहा फुटांवर ओळीने खड्डे मारलेले. एका संस्थेने जूनमधल्या वृक्षारोपणाची तयारी चालवली होती. मुलं चांगली होती, कळकळीने आली होती. मला पाण्याची बाटली पुढे करून म्हणाली, "ताई, दोन वर्षांनी या, ओळखणार नाही तुम्ही ही जागा." ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

कारण आदल्याच रविवारी मी तिथे धाविक या माळावरच्या पक्ष्याची जोडी बघितली होती. धाविक घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवरच दोन-तीन अंडी घालतो, आणि तीही ऐन उन्हाळ्यात. तीन वर्षांपूर्वी तिथे मेंढरं चारणाऱ्या आबांनी मला पहिल्यांदा दाखवली. "ताई, पाय हितंच ठिवा. अंडी हायती." मी खाली वाकून बघतेय, काही दिसेना. त्यांनी काठीचं टोक जमिनीला टेकवलं तेव्हा माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर, लेंड्या आणि खड्यांच्या मधोमध, मातकट रंगाची, काळे शिंतोडे उडालेली दोन अंडी. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर संपलंच होतं. जेसीबीचा चालक कुठे वाकून बघणार?

झाड लावणं पुण्याचंच काम, हे आपल्याला शाळेपासून शिकवलंय. पण माळावर झाड म्हणजे कावळ्याला आणि शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याला बसायला आयती जागा. सावली वाढली की गवत मरतं. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी यांना चहूकडे मोकळी नजर लागते, पळायला जागा लागते. हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षीसुद्धा रात्री झाडावर जात नाहीत, गवतात जमिनीवरच झोपतात. सरकारी कागदावर मात्र या सगळ्या जमिनीला एकच शब्द: पडीक. या एका शब्दाने माळांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच कशाने केलं असेल.

मी त्या मुलांशी भांडले नाही. घरी आले, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या माझ्या सहा वर्षांच्या याद्या काढल्या, छापल्या आणि सरपंचांकडे गेले. प्रत्येक फेरीची पूर्ण यादी होती: किती वेळ चालले, किती अंतर, काय काय दिसलं, किती दिसलं. नुसते चंडोल आणि टिटव्या दिसल्या त्या दिवसांचीसुद्धा. सरपंच पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "एवढं सगळं आपल्या गायरानात?" आबाही सोबत होते. त्यांनी चराईचा मुद्दा मांडला, आणि खरं सांगायचं तर माझ्या पक्ष्यांपेक्षा त्याचं वजन जास्त पडलं. रोपं शाळेभोवती आणि रस्त्याच्या कडेला लावायची असं ठरलं. पूर्वेकडची बाजू वाचली. पश्चिमेकडचे खड्डे तसेच आहेत. त्या बाजूला या वर्षी मला धाविक दिसला नाही.

म्हणून माझ्या पक्षीनिरीक्षक मित्रमैत्रिणींना आज स्पष्ट बोलते. एका दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोसाठी आपण चारशे किलोमीटर गाडी हाणतो, आणि घरापासून तासाभरावरच्या माळावर वर्षातून एकदाही जात नाही. हे मला पटत नाही. घरट्याजवळ कॅमेरे लावून बसणं, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं, घरट्याचं नेमकं ठिकाण ग्रुपवर टाकणं, हे तर बंदच व्हायला हवं. एक साधी जागा धरा. माळ, ओढा, गावतळं, काहीही. तिथे वर्षानुवर्षं जा. ज्या दिवशी काही 'खास' दिसत नाही त्या दिवसाची नोंदही तितकीच मोलाची.

देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा 2023चा अहवाल 30 हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. 942 जाती तपासल्या, त्यातल्या 178 जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं निघालं. आपली रविवार सकाळ तिथपर्यंत पोचते.

आणि सोलापूरजवळचं नान्नज आठवा. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधलं. 1979 साली अभयारण्य झालं. आज देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आत आहेत, आपल्याकडचे जवळपास संपलेच. तरी तो माळ टिकला, आणि त्यावर लांडगे, काळवीट, धाविक आजही आहेत. एका माणसाच्या चिकाटीचा त्यात वाटा आहे.

पैशाचंही बोलायला हवं. भिगवणजवळ कुंभारगावात कालचे मासेमार आज रोहित पक्षी दाखवायला होडी काढतात, घरी मासळीचं जेवण घालतात. उजनीचं ते पाणी उथळ आणि शांत राहण्यात आता त्यांचा स्वार्थ आहे. तिथे गेलात तर पुण्याहून डबे बांधून नेऊ नका. गावात जेवा, गावचाच वाटाड्या घ्या, घासाघीस करू नका.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. आमच्या गायरानाच्या गावात ती वही निघाली. त्यात पक्षी होते मोर, पोपट, चिमणी, कावळा, बस्स. आता मी आणि आबा बसून ती यादी वाढवतोय. नावं आबांची आधी लिहायची, पुस्तकातली नंतर, असं ठरवलंय. पुढची ग्रामसभा 15 ऑगस्टला. तोवर गवतही वर आलेलं असेल.

तुमच्या गावच्या वहीत माळावरचे पक्षी आहेत का, ग्रामपंचायतीत जाऊन बघाल का? आणि नसतील तर काय लिहिलंय ते खाली कळवा. नोंदी लिहायला मदत लागली तर मी येईन.