'का' विचारायचं नाही म्हणे!

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. "३५ चा वर्ग दोन सेकंदांत! ३ गुणिले ४ म्हणजे १२, पुढे २५ लावा, झाले १२२५. का आणि कसं हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्या परंपरेत सूत्र पुरायचं. रामानुजननं तरी कुठे सिद्धता दिल्या?" आठवीतल्या भाचीनं "पण तीनाला चारानंच का गुणायचं?" असं विचारलं, तर तिच्या बाबांनी उत्तर म्हणून तिला हेच पाठवलं! आता गप्प कसं बसणार?

परंपरेत 'का' नव्हतं ही तर शुद्ध थाप. भास्कराचार्य ११५० साली सिद्धान्तशिरोमणी या आपल्या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथात लिहितात: "प्रौढिं प्रौढसभासु नैति गणको निःसंशयो न स्वयम्". उपपत्ती, म्हणजे नियम का खरा हे दाखवणं, येत नसेल तर जाणत्यांच्या सभेत गणकाला कोणी विचारत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या शंकाही फिटत नाहीत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात भास्कराचार्यांच्याच लीलावतीवर टीका लिहिली, तीत नियमांच्या उपपत्ती दिल्या आहेत. परंपरेच्या नावानं छाती फुगवायची, तर ती आधी उघडून तरी बघा.

युक्ती चालते, झटपट चालते, मान्य. पण भाचीचा प्रश्न तसाच राहिला. ३५ बाय ३५ चा कागदी चौरस घ्या. उजवीकडची ५ रुंदीची उभी पट्टी कापा. पट्टीच्या टोकाचा ५ बाय ५ चा तुकडा बाजूला ठेवा, उरलेली पट्टी आडवी करून मोठ्या तुकड्याच्या डोक्यावर बसवा. झाला ३० बाय ४० चा आयत: बाराशे, अधिक बाजूचे २५. तिनाचे चार कुठून आले ते समोर दिसतं. शिवाय हेही कळतं की पाचाचं यात खास काही नाही. दशक सारखा असला आणि एककांची बेरीज १० झाली की पुरे. ३६ गुणिले ३४? ३ गुणिले ४ म्हणजे १२, ६ गुणिले ४ म्हणजे २४, झाले १२२४. नुसतं सूत्र घोकणाऱ्याला हे कधी सुचणार?

रामानुजनच्या वह्यांत सिद्धता फारशा नाहीत, हे खरं. पण त्यांच्या छापील निबंधांत आहेत. आणि १९१३ साली केंब्रिजचे गणिती हार्डी यांना कळवलेले मूळ संख्यांबद्दलचे त्यांचे काही दावे चक्क चुकीचे निघाले, ते फॉरवर्डवाल्यांना सोयीस्करपणे आठवत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करतो. सिद्धता मिळाली म्हणजे उलगडा झालाच, असं नाही. शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग न देता कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो हे १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाकडून हजारावर शक्यता तपासून सिद्ध केलं, आणि बरेच गणिती नाराजच राहिले. त्यांची तक्रार काय होती? चारच रंग का पुरतात, हे कळलं नाही.