आडात नाही, ते फ्लॅकमध्ये कुठून येणार?

‘जुनी एमपीथ्री गाणी टाकून देऊ नका. कन्व्हर्टरमधून फ्लॅक किंवा वेव्ह, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइली, करून घ्या, निदान ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) तरी करा. जमलं तर १९२ किलोहर्ट्झवर न्या, वर इक्वलायझरने बास-ट्रेबल उचला. घरच्या सिस्टीमवर सीडीसारखा आवाज येईल.’ हा सल्ला थोड्याफार फरकाने इतके दिवस फिरतो आहे की त्यावर शंका घ्यायचंही कुणाला सुचत नाही. माझ्या मावसभावाने त्यापायी आख्खा रविवार घालवला आणि संध्याकाळी मला बोलावून घेतलं. ‘ऐक, पडदा उठल्यासारखं वाटतंय ना?’ हार्ड डिस्क भरली होती, एवढं मला दिसत होतं.

आधी फ्लॅकचं बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे तरंगाची क्षणोक्षणीची मोजमापं असतात, प्रत्येक १६ बिटचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. यातली थोडी बचत नुसत्या नेटक्या मांडणीतून होते, पण मोठी बचत खरोखर टाकून देऊन होते. काय टाकायचं, याचं गणित कानाच्या स्वभावावर बेतलेलं आहे. ढोलावर थाप पडली की तिच्या लगतच्या कंपनसंख्येचे हलके आवाज आपल्याला ऐकूच येत नाहीत. थापेच्या क्षणभर आधीचे आणि नंतरचेही दबतात. मग ते नेमकेपणाने कशाला नोंदवायचे? जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विचारावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एमपेग-१ मानकाचा ‘लेयर ३’ म्हणजे आपलं एमपीथ्री. एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, १,१५२ नमुन्यांची एकेक चौकट घेतो, तिचे कंपनसंख्येनुसार बारीक पट्टे पाडतो आणि कान फसेल तिथे ढोबळ आकडे लिहितो. लेमसारखा एन्कोडर १२८ वर साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं सरळ छाटतो.

ढोबळ केलेले आकडे मुळात काय होते, याची नोंद त्या फाइलमध्ये कुठेही नसते. फ्लॅक जे हातात येईल ते एकही बिट न बदलता जपतं, हा त्याचा गुण. एमपीथ्री दिलं तर ते एमपीथ्रीचाच आवाज दोषांसकट जपेल. झेरॉक्स लॅमिनेट केली म्हणून तिच्यावरची पुसट अक्षरं ठळक होत नाहीत. खात्री करायची असेल तर अशी बदललेली फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येचा आवाज किती आहे याचं चित्र, बघा: १६ किलोहर्ट्झच्या आसपास कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसेल. चार मिनिटांचं गाणं ४ एमबीहून कमी होतं, ते वेव्ह केल्यावर ४२ एमबीचं झालं. वाढलेल्या जागेत नवं असं काहीच नाही.

३२० करून घ्या, हा सल्ला तर उलटाच. इथे नुसती जागा वाया जात नाही. ढोबळ केलेल्या आकड्यांवर पुन्हा ढोबळपणाचा हात फिरतो. फरक बारीक असेल, पण तो घसरणीकडेच जातो. ३२० हवं असेल तर मूळ सीडी पुन्हा रिप करा, म्हणजे तिच्यावरून गाणं नव्याने संगणकावर उतरवा, किंवा मुळापासून ३२० वर तयार झालेली फाइल मिळवा.

१९२ किलोहर्ट्झबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, माणसाचा कान २० च्या आसपास थांबतो आणि वयाबरोबर आणखी अलीकडे. मधले नमुने गणिताने भरले, तर ते आधीच्याच नमुन्यांवरून निघतात.

इक्वलायझरच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. इक्वलायझर असलेलं उचलतो. छाटलेल्या भागात उचलायला काही नसतं, आणि त्याच्या खालच्या भागात झांजेबरोबर एमपीथ्रीत तिला चिकटणारा पाण्यात बुडाल्यासारखा खळखळाटही वर येतो. ‘एन्हान्सर’ नावाचं साधन वरचे स्वर नव्याने बनवून जोडतो. एआयवाली साधनं हरवलेल्या भागाचा अंदाज बांधतात. ऐकायला बरं वाटलं तर खुशाल वापरा, मी स्वतः कधीकधी वापरतो. फक्त ‘हरवलेलं परत आलं’ म्हणू नका. शिवाय आजची बहुतेक गाणी आधीच वरच्या मर्यादेला टेकवून ध्वनिमुद्रित केलेली असतात, आणि एमपीथ्री होताना शिखरं आणखी थोडी वर सरकतात. त्यावर बास ६ डेसिबलने चढवला की तरंगाची उंची दुप्पट होते. शिखरं कापली जातात आणि आवाज फाटतो. दोष मात्र फाइलला दिला जातो. इक्वलायझर वापरायचाच तर त्यातला प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाजाची पट्टी, तेवढ्याच डेसिबलने खाली घ्या, नाहीतर जे खुपतंय ते कमी करा, बाकीचं चढवू नका.

महागड्या डिजिटल केबलने ‘उबदारपणा’ येतो म्हणतात. बिट पोचतात किंवा खटखट ऐकू येते, उबेचा संबंध नाही.

मग भावाला पडदा उठल्यासारखं का वाटलं? नव्या प्लेअरमध्ये आवाज किंचित मोठा होता. अर्धा-एक डेसिबलचा फरक कानाला मोठा वाटत नाही, स्वच्छ वाटतो. मी आवाज समान केला आणि काय लावलंय ते न सांगता चाचणी घेतली: कधी मूळ एमपीथ्री, कधी त्याचंच फ्लॅक, सोळा वेळा. नुसत्या अंदाजावर सोळातले बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. त्याचे नऊ आले. ‘झोप आली होती’ म्हणाला.

पण त्याची मूळ तक्रार खोटी नव्हती. बास खरंच पोकळ होता, गायकाचा आवाज मध्ये न येता कुठेतरी हवेत पसरलेला होता. आधी ब्लूटूथ बंद केलं, कारण तिथे एमपीथ्री उलगडून पुन्हा एसबीसीसारख्या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबण्याच्या दुसऱ्या पद्धतीत, दाबलं जातं. वायरने जोडल्यावर झांजा थोड्या सावरल्या. बास तसाच. मग स्पीकर कोपऱ्यातून काढून कानाच्या उंचीवर ठेवताना मागे बघितलं, तर उजव्या स्पीकरच्या वायरी उलट्या: लाल काळ्यात, काळी लालमध्ये. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि खालचे स्वर एकमेकांना खात होते. वायरी बदलल्या, तेच १२८ वालं गाणं लावलं, गायक मध्ये येऊन उभा राहिला.

फ्लॅक फायली त्याने अजून उडवलेल्या नाहीत.