खुलासा : कॅलिफोर्निया विद्यापीठाची फी गव्हर्नर ठरवत नाहीत

‘कॅलिफोर्निया विद्यापीठाची फी गव्हर्नर (राज्याचे निवडून आलेले प्रमुख) हुकूम काढून ठरवतात’ असा मजकूर विद्यार्थी-पालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. फी ठरवते रीजंट्स मंडळ, म्हणजे विद्यापीठाचे नियामक मंडळ. विद्यापीठ १८६८ चे; कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या राज्यघटनेने त्याचा कारभार या मंडळाकडे दिला आणि तो राजकीय दबावापासून मुक्त राहावा, असे स्पष्ट लिहिले.

मंडळात २६ सदस्य असतात. त्यांपैकी १८ गव्हर्नर नेमतात, तेही राज्य सिनेटच्या (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाच्या) मंजुरीने आणि १२ वर्षांसाठी, त्यामुळे सरकार बदलले तरी मंडळ एका झटक्यात बदलत नाही. ७ पदसिद्ध, एक विद्यार्थी. गव्हर्नर पदसिद्ध अध्यक्ष, पण मत एकच. त्यांची खरी ताकद राज्याच्या अर्थसंकल्पात, म्हणजे विद्यापीठाला मिळणाऱ्या सरकारी पैशात आहे.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही मात्र वेगळी व्यवस्था : मंडळ निराळे, पदवी प्रवेशाचा अर्जही निराळा.