खुलासा : उकळतं पाणी ओतलं की दुधाचा कॅन निर्जंतुक होत नाही

दूध उत्पादकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज सांगतो, ‘कॅनमध्ये उकळतं पाणी ओता, बुळबुळीत थरातले सगळे जंतू मरतात.’ हे अर्धंच खरं आहे.

तो थर म्हणजे बायोफिल्म. बॅसिलस सीरियससारखे जिवाणू स्टीलला चिकटून स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं आणि डीएनएचा चिकट गोळा तयार करतात. दुधाची पातळी जिथे हवेला भिडते, तिथे तो विशेष जमतो. आत पोषण संपलं की पेशी असमान दुभंगते. मोठा भाग छोट्याला गिळतो, त्याभोवती कवचं चढवतो आणि शेवटी फुटून बीजाणू, म्हणजे जिवाणूचं कवचबंद सुप्त रूप, मोकळा करतो. 37 अंशांना हे साधारण 7-8 तासांत उरकतं. म्हणजे रात्रभर न धुतलेला कॅन पुरेसा!

साध्या पेशी उकळत्या पाण्याने मरतात, बीजाणू बरेचसे टिकतात. ते खात्रीने मारायला ऑटोक्लेव्हमध्ये (प्रेशर कुकरसारख्या निर्जंतुकीकरण यंत्रात) दाबाखाली 121 अंशांची वाफ 15 मिनिटं लागते. गोठ्यात ते जमणारं नाही, म्हणून थर घासून काढणं हाच उपाय. शिवाय आधीच उकळतं पाणी ओतलं तर दुधाची प्रथिनं भांड्यावर शिजून बसतात.

कॅन रिकामा होताच कोमट पाण्याने विसळा. मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ब्रश मारा. गळ्याची कड आणि झाकणाचं रबर काढून घासा. भेगाळलेलं रबर बदलाच. पुन्हा विसळून कॅन उपडा वाळवा. क्लोरीन वापरायचं तर घासल्यावरच, आणि आम्लात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. आला त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.